पट्टीच्या अल्याड-पल्याड

सुंदरबाईला कुणी एक शब्द बोललं तर ती दोन परत करायची, आणि ते तिथल्या तिथं जमलं नाही तर तिच्या पोटात दुखायचं. बोलण्यापुरतं नाही, खरंच दुखायचं. नवरा होता तेव्हा तो बिचारा ओवा-मीठ हातावर ठेवायचा आणि विचारायचा, "आज कोन बोलनं वं तुले?" नाव कळलं की म्हणायचा, "मंग ओवा काय करी? जाय, बोली ये."

अशा बाईच्या समोरच्याच घरात देवानं यशोदाबाई आणून ठेवली होती.

दोघींचं फार जुनं होतं. बोरी नदीच्या एका काठावर सुंदरबाईचं माहेर, समोरच्या काठावर यशोदाबाईचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बुडवायला दोन्ही गावच्या पोरीबाळी नदीवर उतरायच्या. वैशाखात नदीला पाणी ते किती, घोटे भिजले तर भिजले. अल्याडच्यांनी पल्याडच्यांना शिव्या द्यायच्या, पल्याडच्यांनी अल्याडच्यांना. आधी गाण्यातून द्यायच्या, गाणं संपलं की बिनगाण्याच्या द्यायच्या. त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नाही, पुरुषांनी मध्ये तोंड घालायचं नाही, आणि जिला उत्तर सुचलं नाही तिनं काठावरून मागं सरायचं. सरली की हरली. अल्याडची म्होरकी सुंदर, पल्याडची यशोदा. परकर नेसत होत्या तेव्हापासून दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकदाही कुणी मागं सरली नाही. दिवस कलला की दोन्ही गावच्या म्हाताऱ्या आपापल्या पोरीला दंडाला धरून घरी न्यायच्या. जाता जाता मान वळवूनही एकेक शिवी व्हायचीच.

मग लग्नं झाली, आणि फिरून फिरून दोघी धुळ्यात एकाच गल्लीत आल्या. धुळ्याच्या जुन्या गल्ल्या सरळसोट, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची म्हैस दिसते. मध्ये डांबरी रस्ता. अलीकडे सुंदरबाईचं एकमजली घर आणि ओटा, पलीकडे यशोदाबाईचं. तेही आधी एकमजलीच होतं. पण यशोदाबाईचा मुलगा पितांबर हुशार निघाला. खाली साड्यांचं दुकान काढलं, वर दोन मजले चढवले, पुढं गॅलरी काढली, आणि मागच्या इलेक्शनला नगरसेवकही झाला. तेव्हापासून यशोदाबाई रस्त्यावरच्या माणसाशी गॅलरीतून बोलायची. खाली येत नसे.

सुंदरबाईला एकच मुलगा, भिकन. चार लेकरं गेल्यावर झाला, म्हणून भीक मागितल्यासारखं नाव ठेवलं. तरी पोलिओनं दोन्ही पाय नेलेच. पण हात असे, की पंजा लढवायला बसला तर गल्लीतले दूधवाले हरायचे. हातानं पॅडल मारायची तीनचाकी होती त्याच्याकडे. गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीवाला चांद होता, त्यानं तिला पुढं डबा ठेवायला जाळी, मागं सावलीला पत्रा आणि डाव्या हाताशी ब्रेक असं सगळं जोडून दिलं होतं. स्टँडजवळ भिकनचा एसटीडी बूथ होता. बूथवर बसून बसून तो शुद्ध बोलायला शिकला होता. घरातही शुद्धच बोलायचा. सुंदरबाईला त्याचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा.

अडचण होती ती घर ते बूथ या रस्त्याची. साड्यांच्या दुकानापुढं, त्याच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानापुढं, पुढं फरसाणवाल्यापुढं मोटारसायकली अशा आडव्या लागायच्या की तीनचाकीला जागाच राहायची नाही. मधून जावं तर टेंपो आणि रिक्षा अंगावर. म्हणून सुंदरबाई रोज सकाळी पुढं चालायची. हातात काठी, पदर खोचलेला, आणि तोंड सुरू. "सरक रे! डोया फुटी गयात का? तुना बापनी सडक शे का?" मागून भिकन खाली मान घालून पॅडल मारत यायचा. एवढा तिशीचा बाप्या, बूथवर लोक त्याला 'भिकनशेठ' म्हणायचे, आणि त्याची आई पुढं काठी आपटत त्याची वाट मोकळी करायची. तो काही बोलायचा नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शहाण्णव साली थंडी सरता सरता नगरपालिकेनं रस्त्याच्या अलीकडच्या बाजूनं पांढरी पट्टी मारली. पट्टीच्या आत सायकली, बाहेर बाकी सगळं. गाड्या लावायच्या त्या मागच्या शाळेच्या पटांगणात. नव्या मुख्याधिकारी साहेबांची ती हौस होती. यंत्रमागावर जाणारे, दूधवाले, शाळेच्या पोरी, सगळे त्या पट्टीतून जाऊ लागले. पहिल्या दिवशी सुंदरबाई काठी घेऊन ओट्यावरून उतरली तर भिकन म्हणाला, "माय, तू थांब."

"काब्र?"

"मी जातो."

आणि गेला. एकटा. पट्टीच्या आतून, सरळ, गल्लीच्या टोकापर्यंत. सुंदरबाई ओट्यावर काठी धरून उभी राहिली. शेजारची बेबाबाई म्हणाली, "आते काठीनं काय करशी वं?" सुंदरबाई म्हणाली, "ठेवसू. तुना नवरासाठे." पण त्या दिवशी तिच्या आवाजाला धार नव्हती. भिकन संध्याकाळी आला तो शीळ घालत. त्याला शीळ घालता येते हे तिला त्या दिवशी कळलं.

दुकानदारांना मात्र पट्टी सलू लागली. गिऱ्हाईक शाळेच्या पटांगणात गाडी लावून चालत येईना. पुढच्या गल्लीत, जिथं गाडी दारात लागते, तिथं जाऊ लागलं. मारुतीच्या पारावर मीटिंग झाली. भांड्यांचा दुकानदार कळवळून बोलला, "भाऊ, सायकलवाला एक चमचा घेत नाही. मोटारसायकलवाला लग्नाची भांडी घेतो. आमी मरायचं का?" त्याचंही खोटं नव्हतं. यंत्रमागवाले म्हणाले, "आमी मरत होतो तेव्हा तुमी काय केलं?" चांद उठून म्हणाला, "देखो भाई, पट्टी आयी तबसे एक भी रिम टेढी नहीं आयी मेरे पास. मेरा धंदा बैठ गया. फिर भी मैं बोलता, पट्टी रहने दो. रोज इन लोगोंको खून में देखके पंचर निकालनेका जी नहीं करता." लोक हसले, टाळ्या वाजल्या.

पितांबर दोन्हीकडच्यांच्या मध्ये, खुर्चीत. दिवाळीनंतर इलेक्शन होतं. त्याला सायकलवालेही हवे होते आणि दुकानदारही. तो हात जोडून म्हणाला, "मी गल्लीचा माणूस. गल्ली म्हणेल ते." गॅलरीतून यशोदाबाई ऐकत होती. सुंदरबाई पाराच्या कडेला बसून म्हणाली, "गल्ली म्हने ते! गल्लीले तोंड शे का? बोल ना, तू काय म्हनस!" पितांबर हसून म्हणाला, "अक्का, तुमच्यापुढं मी काय बोलणार?" मीटिंग संपली. ठरलं काहीच नाही.

काही दिवसांनी सकाळी गल्ली उठली तेव्हा पट्टी नव्हती. जिथं होती तिथं ओलं, काळं डांबर. उन्हं वर येईपर्यंत त्याच्यावर मोटारसायकली लागल्याही. जिकडे तिकडे एकच चर्चा, की कुणी केलं. पितांबर दोन्हीकडच्यांना सांगत फिरला, "साहेबांचा हुकूम. मला विचारलंसुद्धा नाही. मी भांडून आलो कालच." सायकलवाले साहेबांना शिव्या देऊ लागले, दुकानदार साहेबांना दुवा देऊ लागले, आणि पितांबर दोघांच्याही गळ्यात हात घालून हिंडू लागला.

भिकन त्याही सकाळी निघाला. काठी नको म्हणाला. एकदा एकटं जायची सवय लागलेला माणूस पुन्हा आईच्या मागून कसा जाणार? फरसाणवाल्यापुढं गाड्यांना वळसा घालायला तो बाहेर आला आणि मागून येणाऱ्या टेंपोनं तीनचाकी घासत नेली. जीव वाचला. पण दोन्ही तळहात डांबरावर घासून सोलले, उजव्याचं बोट मोडलं. दुसऱ्या कुणाचे हात गेले असते तर तो पायांनी चालला असता. भिकन चालायचा तो त्याच हातांनी. त्यानं अंथरूण धरलं. बूथला कुलूप. चांद वाकलेलं चाक घेऊन गेला, सरळ करून तीनचाकीला बसवलं आणि ती ओट्याला टेकवून ठेवली. भिकननं तिच्याकडे पाहिलंही नाही.

सुंदरबाई रस्ता ओलांडून पितांबरच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक बसलं होतं, साड्या उलगडून पडल्या होत्या. ती म्हणाली, "पितांबर, पट्टी कोनी पुसी?"

पितांबर उठला, वाकून पाया पडला. "अक्का, भिकनचं ऐकलं. लई वाईट झालं. पण साहेबांपुढं माझं काय चालतं? मी तर तुमच्याच बाजूनं भांडतोय."

"मना डोयामा देख."

त्यानं डोळ्यांत पाहिलं. सराईतासारखं पाहिलं. सुंदरबाईला कळलं की यानंच केलंय, आणि हेही कळलं की हा कधी कबूल होणार नाही. ती बाहेर आली तोच वरून आवाज आला. गॅलरीत यशोदाबाई कुरडया वाळत घालत होती.

"सुंदर वं! भिकनना गाडाले वाट पाहिजे व्हई त मना वावरमा ये. गाडवाट काढी देसू."

सुंदरबाईनं वर पाहिलं. तोंड उघडलं. आणि दुकानातल्या त्या उलगडलेल्या साड्या, ते गिऱ्हाईक, तो पायाशी वाकलेला पितांबर, सगळं मनात येऊन, आता ओरडलं तर आपणच वाईट ठरू म्हणून ती तशीच मागं फिरली. त्या दिवशी तिच्या पोटात दुखलं. दुसऱ्या दिवशीही दुखलं. बेबाबाईनं ओवा आणून दिला तर म्हणाली, "लई जा. हाऊ ओवाना दुखना नही." (असं दुखणं काय केल्यानं जाईल, ते तिला माहीत होतं. कसं करायचं, तेवढंच माहीत नव्हतं.)

मध्ये लोक साहेबांकडे जाऊन येऊ म्हणाले. पण सगळ्यांना वाटत होतं की पट्टी साहेबांनीच पुसली. ज्यानं मारलं त्याच्याकडेच मलम कोण मागणार? गेलंच नाही कुणी. पितांबरचा डाव तिथंच पक्का होता.

आखाजी आली. घरोघरी घागरी भरल्या, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पितरांना आमरस-सांजोऱ्यांचा घास दिला. मारुतीच्या कडुनिंबाला झोका बांधला गेला. गल्लीतल्या बाया बहुतेक खेड्यावरच्याच, कुणी यावलकडची, कुणी धरणगावची, कुणी साक्रीची. माहेरी जायला न मिळालेल्या लेकी झोक्यावर बसून माहेराची गाणी म्हणत होत्या. दुपार कलली तशी गौराई घेऊन पांझरा नदीवर जायची तयारी सुरू झाली. बाया रस्त्याच्या दोन्ही कडांना गोळा झाल्या. आखाजीची सुट्टी म्हणून गाड्या कमी होत्या. रस्ता मोकळा, धुळीनं पांढुरका, कोरडा पडला होता.

सुंदरबाई ओट्यावर उभी होती. तिनं या बाजूच्या बायांकडे पाहिलं. त्या बाजूच्या बायांकडे पाहिलं. मधल्या रस्त्याकडे पाहिलं. आणि कंबरेला पदर खोचला.

"पल्याडनी बाई वं!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ही हाक गल्लीत कधी कुणी ऐकली नव्हती, आणि एकीलाही ती कशाची हाक आहे ते सांगावं लागलं नाही.

"पल्याडनी बाई वं! तुना गावना पानी खारा, तुनी जिभ खारी! तुना गावनी बोर आंबट, तू बोरपेक्षा बी आंबट!"

पलीकडच्या बाया हसत गॅलरीकडे पाहू लागल्या. गॅलरीत यशोदाबाई पाठमोरी होती. ती वळली नाही.

"कसाले बोली ती?" सुंदरबाई आपल्या बाजूच्या बायांना म्हणाली, पण इतक्या मोठ्यानं की दुसऱ्या मजल्यावर जावं. "तिले आते बोलाले येस नै. सूननी जिभ कापी लिधी व्हई!"

यशोदाबाई वळली. गॅलरीच्या कठड्याला धरून खाली पाहू लागली, आणि मग दिसेनाशी झाली. जिन्यात तिच्या जोडव्यांचा आवाज ऐकू आला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा ती रस्त्यावर आली, आपल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. बायांनी एकच कल्ला केला.

"कोन भुकस तठे?" यशोदाबाईनं कमरेवर हात ठेवले. "मी म्हने कोंबडा आरवस. तुना गावना कोंबडा बी दुपारले उठस!"

"दुपारले उठस पन पोट भरीसन झोपस! तुना माहेरना लोके ताक मांगाले आमना दारमा येत!"

"ताक नेऊत आमी! तुमना दूधले मांजर बी तोंड लावत नव्हती, मंग ताकच नेऊत!"

पलीकडच्या बायांनी टाळ्या पिटल्या. अलीकडच्यांनी "हट! हट!" केलं. गल्लीतले पुरुष दारांत, ओट्यांवर येऊन उभे राहिले. चांद दुकान सोडून आला. भांड्यांचा दुकानदार, फरसाणवाला, यंत्रमागवाले, दूधवाले, सगळे. आणि मोटारसायकल घेऊन पितांबर आला. गर्दी पाहून उतरला. "आई, काय चाललंय? घरात चल. अक्का, शोभतं का हे?"

दोन्हीकडच्या बाया एका सुरात ओरडल्या, "ए बाप्या, मागं! आखाजी शे! पुरुष मधमा बोलत नै!"

यशोदाबाईही म्हणाली, "पितांबर, तू जाय. हाई आमनं शे." तिचे डोळे चमकत होते. म्हातारीच्या अंगात पुन्हा परकरातली यशोदा शिरली होती. पितांबर गाडीला टेकून उभा राहिला, हसू आणून.

"म्हातारी व्हयनी तू यशोदे," सुंदरबाई म्हणाली. "शिव्या बी म्हातारा व्हयन्यात तुना."

यशोदाबाईला ते झोंबलं. तिला मोठं काही हवं होतं आणि ते तिला सापडलं.

"आनि तुनं काय? घरमा गाडा, दारमा गाडा! लोके पोऱ्या पैदा करतस, तू चाके पैदा कयात!"

यशोदाबाईच्या बाजूच्या बायांनीही पदर तोंडाला लावला. ओट्यामागच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत भिकन होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुंदरबाईचा चेहरा पांढरा पडला. पण ही शिवी येणार हे तिनं सकाळपासून धरलंच होतं. ती आल्याशिवाय पुढचं दार उघडणार नव्हतं. ती ओट्याच्या अगदी कडेला आली.

"मना भिकन सोताना हातवर चालस वं! तुना पितांबर लोकस्ना खांदावर बसस!"

यंत्रमागवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. पुरुषांनी बोलायचं नव्हतं, शिट्टी मारू नये असं काही नव्हतं.

"आनि खांदावर बसीसन बी काय दिवा लावा त्यानी?" सुंदरबाई थांबलीच नाही. "नगरसेवक म्हने! कसाना नगरसेवक? साहेब म्हनस ऊठ, त उठस. बस म्हनस, त बसस. मना पाया पडीसन सोता सांगं त्यानी, 'अक्का, मन्हं काही चालत नै.' इच्यार त्याले!"

"कोनं चालत नै?"

"तुना पितांबरनं! एक चुनानी रेघ शे, तीबी राखता उनी नै त्याले. साहेबनी पुसी, आनि हाऊ देखत ऱ्हायना!"

"मना पोऱ्यानं चालत नै?" यशोदाबाई एक पायरी खाली उतरली.

"नै चालत!"

"साहेब त्याले चहा पाजस!"

"साहेब त्याले वळखत बी नै!"

अलीकडच्या बायांनी तो धागा उचलला आणि टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला लागल्या, "वळखत नै वं, वळखत नै! पितांबरले कोनी वळखत नै!" पोरींनी त्याच्यावर फेर धरला. पितांबरचं हसू गेलं. तो "आई!" म्हणाला. यशोदाबाईला ते ऐकू गेलं नाही. तिला फक्त ठेका ऐकू येत होता, आणि समोर ओट्यावर हसणारी सुंदर दिसत होती. तिनं दोन्ही हात वर केले.

"साहेब नै उना व्हता रेघ पुसाले! मना पितांबरनी पुसी! डांबरना पिंप त्यानी लयना, माणसे त्यानी लयनात, साहेबले इचारं बी नै! बठ्ठी गल्ली झोपेल व्हती, आनि मना पोऱ्यानी पुसी टाकी! साहेब काय करी? साहेब त्यानी मुठमा शे!"

टाळ्या थांबल्या. फेर थांबला.

यशोदाबाई धापा टाकत उत्तराची वाट पाहत उभी राहिली. सगळी गल्ली सुंदरबाईकडे पाहत होती. तिच्या जिभेवर तीन उत्तरं येऊन बसली होती, एकाहून एक तिखट. तिनं तिन्ही गिळली. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि ओट्याच्या कडेवरून एक पाऊल मागं घेतलं. मग दुसरं. पाठ भिंतीला लागेपर्यंत मागं सरली.

"तू जितनी वं, यशोदे," ती म्हणाली. "हारनू मी."

यशोदाबाईनं विजयानं आजूबाजूला पाहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. तिच्या बाजूच्या बायाही नाही. सगळ्यांची तोंडं पितांबरकडे वळली होती. तिनंही तिकडं पाहिलं, आणि लेकाचा चेहरा पाहून आपण काय बोललो ते तिला कळलं.

"आखाजीचं बोलणं आहे हो," पितांबर म्हणाला, "आईचं वय झालं."

"हां नेताजी," चांद म्हणाला, "आखाजीका राग नहीं धरनेका. हम कहां धर रहे? हम तो बस साहबको जाके बोलेंगे, कि आपके नामपे किसने क्या किया."

आणि यावेळी सगळे गेले. भांड्यांचा दुकानदारसुद्धा गेला. त्याला पट्टी नकोच होती, पण आपल्याला खेळवलं याची चीड पट्टीपेक्षा मोठी होती. साहेबांनी ऐकून घेतलं. आपल्या नावावर शिव्या खाल्ल्या हे त्यांना मुळीच आवडलं नाही. पुढच्याच आठवड्यात रंगाचे डबे आले. दुकानदारांसाठी पलीकडच्या बाजूला एक दिवसाआड गाड्या लावायची सोय झाली. पट्टी मारताना दोरीचं एक टोक पितांबरला धरायला लावलं होतं, साहेबांनी हसत हसत; आणि सुंदरबाईनं ओट्यावर पाट टाकून ते शेवटपर्यंत बघितलं. दोरी सैल पडली की ती म्हणायची, "ताण रे पितांबर, वाकडी व्हस." तिच्या पोटातलं दुखणं आखाजीच्याच दिवशी गेलं होतं. आता भूक लागत होती.

पुढं दिवाळीनंतर पितांबरला तिकीट मिळालं नाही. तो आईशी बोलत नाही असं बेबाबाई सांगत आली. सुंदरबाई म्हणाली, "आनखी सांग."

पण ते सगळं नंतरचं. पट्टी पुन्हा आली त्या दिवसांत भिकन मात्र तिच्याशी बोलत नव्हता. हात बरे झाले, बोट जरा वाकडं राहिलं. पट्टी दारासमोर होती, तीनचाकी ओट्याला टेकलेली होती, आणि हा आतच. एकदा जेवताना म्हणाला, "तुम्ही दोघींनी नदी केली रस्त्याची, आणि मध्ये मला ठेवलंत दगडासारखं."

"मंग काय करतू? तुना हात देखत बसतू?"

"मला विचारलं असतंस."

"तू हा म्हनता का?"

त्यानं ताटातला शेवटचा घास उचलला. मग म्हणाला, "नाही."

"म्हनीसन नै इचारं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली.

मृगाच्या आधीची कोरडी, घामेजली सकाळ. सुंदरबाई परसात भांडी घासत होती. ओट्यापुढं लोखंडाचा आवाज झाला. ती राखेचे हात घेऊन पुढं आली तर भिकन तीनचाकीत बसलेला, डबा जाळीत, शर्ट इस्त्रीचा.

"चालनास?"

"हो."

तिनं समोर पाहिलं. गॅलरीचं दार उघडं होतं, आत पातळाचा काठ दिसत होता. तिचे डोळे लकाकले. "भिकन, तिना घरसमोरथीन जाशी तव्हय घंटी वाजाड. जोरमा वाजाड."

भिकननं पॅडलवर हात ठेवले. "माय, मी कामाला चाललोय. तुझ्या भांडणाला नाही."

आणि तो निघाला. पट्टीच्या आतून, सरळ. साड्यांच्या दुकानासमोरून गेला, घंटी वाजवली नाही, वर पाहिलंही नाही. चांदच्या दुकानाशी हात वर केला आणि वळून दिसेनासा झाला. सुंदरबाई पाहत राहिली. लेक पुन्हा कामाला लागला ते बरंच झालं. पण हातचा एक घास राहिल्यासारखं तिला वाटत होतं.

ओट्याला दूधवाल्याची सायकल लावलेली होती. तो बेबाबाईकडे दूध मापत होता. सुंदरबाईनं ती पाहिली. राखेचे हात लुगड्याला पुसले, हँडल धरलं, आणि घंटीवर अंगठा दाबला. ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंगट्रिंगट्रिंग.

गॅलरीत यशोदाबाई आली. "कोन मरस वं तठे?"

"मी शे," सुंदरबाई म्हणाली. "घंटी वाजस का, देखस."

यशोदाबाईनं दार आपटून लावून घेतलं. दूधवाला धावत आला, "मावशी, सायकल सोडा, मला उशीर होतोय." सुंदरबाईनं सायकल सोडली नाही. बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "थांब रे, जराशी. आतेच त सुरू कयी."